बहात्तरावा तास

पाषाणच्या लॅबमध्ये सकाळी सातला
इनक्युबेटरचं दार उघडलं
की कोमट, आंबूस वास येतो,
कुणी नुकतंच अंथरुणातून उठल्यासारखा.
प्लेटमध्ये शहाण्णव खळगे.
खळग्याखळग्यात माणसाच्या कातडीच्या काही हजार पेशी.
कुणाची कातडी, ते डबीवर लिहिलेलं नाही.
मी त्यांना चांदी पाजते.

चांदी दिसत नाही.
दिसतो पिवळा रंग,
हात आखडून केशर घातलेल्या दुधाचा.
केस उभा चिरून त्याचे चार हजार पदर काढले
तर एका पदराएवढा एक कण.
वरून लेप. तो कोळंबीच्या टरफलातून येतो,
म्हणजे एकीचं कवच काढून दुसरीला घातलेलं.

बाबांनी विचारलं होतं, लेप कशाला?
बाबा रविवार पेठेत बेचाळीस वर्षं
ताटं-वाट्या उजळत बसले,
कोपरापर्यंत रिठ्याच्या पाण्यात.
नखांच्या मुळाशी एक राखाडी रेघ आहे,
ती आता कशानेच जात नाही.
मी म्हटलं, कण एकमेकांना चिकटू नयेत म्हणून.
शिवाय पेशींना एकदम बोचू नयेत.
म्हणजे अंगडं, ते म्हणाले.
मग चहा संपवून कप उपडा ठेवताना,
अंगडं किती दिवस टिकतं गं?

हा प्रश्न आमच्या प्रस्तावात नव्हता.

चोवीस तास. पेशी लांबट, तळाला धरून,
पेठेतल्या घरांसारख्या एकमेकींना खेटून.
जिवंत, शंभरातल्या अठ्ठ्याण्णव.
अठ्ठेचाळीस. पंच्याण्णव.
उपळेकर सर म्हणाले, फोटो काढून ठेव, छान आलंय.
बहात्तर.
उजवीकडच्या तीन रांगांत पेशी गोल झाल्या,
तळ सोडून तरंगायला लागल्या,
भिजत घातलेल्या साबुदाण्यासारख्या.
लेप विरला होता.
उघडी चांदी कणाकणाने सुटत होती.
जंतूंना मारते ती हीच.
तू जंतू की लेकरू,
हे विचारायची तिची रीत नाही.

सर म्हणाले, तक्ता चोवीस तासांचाच देतात सगळे.
खोटं काही नाही त्यात.
खोटं नव्हतंच.

दुपारी सिस्टर मार्थांचा फोन, जळितांच्या वॉर्डातून.
मॅडम, ते स्टोव्हवालं पोरगं, नऊ वर्षांचं,
रोज पट्टी सोडवताना इतकं ओरडतं
की आवाज संपतो आणि तोंड उघडंच राहतं.
चार दिवस हात लावावा लागणार नाही
असं काही निघालं का तुमचं?
चार दिवस. म्हणजे शहाण्णव तास.
मी खिडकीबाहेर पाहिलं,
विद्यापीठाच्या बाजूला धूळ, एक डंपर, दुसरा डंपर.

अहवालाच्या शेवटी एक शब्द लिहायचा होता, सुरक्षित.
मी तो तीनदा लिहून खोडला.
पहिला उकार, मग वेलांटी.
या शब्दात मात्राच नाही.
ती बाहेरून द्यावी लागते,
किती, कुठे, किती दिवस,
कातडी कुणाची, जखम उघडी की भरत आलेली.
डावीकडच्या रांगा अजून तगून होत्या.
तिथे चांदी आठपट कमी,
पण तेवढीने जंतू मरतात का, ते मला अजून माहीत नाही.

रात्री बाबा म्हणाले, वाटी उजळली की हलकी होते,
गुंज-दोन गुंजा.
आम्ही ते गिऱ्हाइकाला सांगत नव्हतो.
झारेकरी यायचा पहाटे, गटारातला गाळ चाळायला.
त्याला बरोबर माहीत असायचं
कुणाच्या दुकानातून किती गेलीय.

मी सगळे बहात्तर तास तक्त्यात घातले.
सरांनी अजून सही केलेली नाही.
सिस्टर मार्थांना सांगितलं, नाही निघालं,
थोडं निघालंय, पण पोरावर नका लावू.
पलीकडून बराच वेळ नुसता वॉर्डाचा आवाज.
मग त्या म्हणाल्या, बरं,
आणि पट्टीची वेळ झाली म्हणून फोन ठेवला.

नवी प्लेट लावलीय, रांगा बदलून.
रविवारी पहाटे साडेचारला उघडायची आहे.