पंधरा आकडे

नवतपाचा चौथा दिवस.
वाळ्याच्या टट्ट्या दहालाच कोरड्याठक्क,
उईके मॅडम लसींच्या फ्रिजला पाठ टेकवून केसपेपर लिहीत होत्या,
आणि कॉटन मार्केटचा एक हमाल
दुपट्ट्यात गुंडाळून कुत्री घेऊन आला.
"कांद्याच्या पोत्यांमांगं पडून होती, भाऊ.
पाणी पाजलं, तं हातच चाटून राहिली."

हात चाटते म्हणजे घरातली.
एवढं आम्हाला मशीनशिवाय कळतं.

तरी मशीन फिरवलं,
सुती साडीवर इस्त्री फिरवावी तसं, हळू,
आधी मानेमागं, मग दोन्ही खांद्यांवरून,
कारण चिप कधी कधी सरकते,
आणि घाई करणाऱ्याला भेटत नाही.

लोक विचारतात, मोबाइलवर दिसते का हो, कुत्रं कुठं गेलं ते?
नाही दिसत.
तांदळाच्या दाण्याएवढी काचेची नळी ती.
तिला रस्ते माहीत नाहीत, सीताबर्डी माहीत नाही.
कोणी वाकून विचारलं
तरच बोलते,
आणि एकच बोलते.

टीं.
पंधरा आकडे.
कॉम्प्युटरनं नाव काढलं: बिजली.
रंग पिवळसर, डावा कान दुमडलेला.
मालक हेमंत निखाडे, मनीषनगर.

मला आठवला तो.
तीन वर्षांमागं पोराच्या दप्तरातून पिल्लू घेऊन आला होता.
पिल्लू मीच धरलं होतं.
चिपची सुई जाड असते.
पिल्लू गप्प राहिलं,
"आई गं" तो म्हणाला.

फोन स्पीकरवर टाकला.
"हॅलो, कोण बोलून राहिलं?"

सलाईन लावताना जिनं मान उचलली नव्हती
ती उठून उभी राहिली.
दुमडलेला कानसुद्धा अर्धा वर.
शेपटी स्टीलच्या टेबलावर
ठण, ठण, ठण.

मी म्हटलं, दादा, तुमची बिजली सापडली.
तिकडे कुकरची एक शिट्टी झाली.
पोराचा आवाज आला, "कोण आहे, पप्पा?"
मग दुसरी शिट्टी.

"राँग नंबर."

फोन बंद झाला,
शेपटी नाही झाली.
आणखी चार-पाचदा वाजली टेबलावर,
मग तिनं फोनकडं पाहिलं, मग माझ्याकडं,
आवाज मीच कुठं ठेवून दिला असल्यासारखं.

स्कॅनर माझ्या हातातच होता.
फोनवर धरला असता
तरी काही वाजलं नसतं.

मॅडम म्हणाल्या, "गजभिये, फॉर्म भरा.
नंबर मरेपर्यंत तोच राहतो,
नाव बदलता येते."
खरं आहे. नाव चिपमध्ये नसतंच,
ते बाहेर असतं, यादीत,
एका सहीच्या अंतरावर.

मी म्हटलं, आजच्या दिवस राहू द्या.
माणसाला कधी कधी
पोरगं झोपल्याशिवाय बोलता येत नाही.

रात्री पावणेअकराला आला फोन.
मी गच्चीवर, बाज टाकून, गार पाण्यानं पाय भिजवून.
बिजली बाजेखाली.
तिकडून कोणी काही बोलेना.
मीही नाही बोललो.
कुठल्या तरी कूलरचा पंखा तेवढा घरघरत होता,
त्याचा का माझा, सांगता येत नाही.

बऱ्याच वेळानं त्यानं विचारलं,
"जेवते का?"
हाव, म्हटलं. दहीभात.
"लोणी काढलेलं दही नाही खात ती."
बरं, म्हटलं.

बाजेखाली काहीतरी जमिनीवर आपटत होतं,
मऊ, पुन्हा पुन्हा.
त्याला ऐकू गेलं असेल.
त्यानं फोन ठेवला.

सकाळी दवाखाना उघडायच्या आधी जाऊन
मालकाच्या रकान्यात
माझं नाव लिहिलं.

पेन्सिलनं.