दोन्ही कान दिसू देत

"काही पडलं का हो?"
वडाळ्याला मिठागराकडच्या रस्त्यावर
भिंतीशी मी पालथा पडलेला दिसलो
की हा प्रश्न ठरलेला.
चावी? अंगठी? कवळी?
गेल्या रविवारी एक पोरगं माझ्याशेजारी बसून शोधायलाच लागलं
आणि त्याला खरंच दोन रुपये सापडले.

मी एकदांडी बघत असतो.
टिकलीएवढं फूल, वीतभर काडीवर.
पाकळ्या पाच, प्रत्येकीच्या टोकाला तीन दात.
(कधी कधी चारच पाकळ्या भरतात. मोजल्यात.)

एकतीस वर्षं मी पासपोर्ट फोटो काढले,
नायगावला, जिन्याखालच्या खोलीत.
मान सरळ. हसू नका. दोन्ही कान दिसू देत.
मागच्या पांढऱ्या पडद्याला इस्त्रीचा डाग होता,
तो झाकेल असं माणूस बसवायचो.
एवढंच माझं कंपोझिशन.

फुलाला मान सरळ म्हणता येत नाही.
ते उन्हाकडे बघतं.
मग मीच सरकतो, कोपर मातीत, पोटाखाली टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा.
रेतीचा डंपर जातो
आणि फूल नाही म्हणतं,
डंपर दिसेनासा झाला तरी नाही नाही म्हणत राहतं.
तोवर श्वास धरायचा.
इतक्या जवळ त्याचाही वारा होतो.

लेन्स फर्मिनची. गोराईला परत जाताना देऊन गेला.
एका कोपऱ्यात बुरशी आहे,
तो कोपरा मी आभाळाकडे ठेवतो.

केसर धरलं की पाकळी सुटते.
पाकळी धरावी तर दांडीवरची लव.
तांदळाच्या दाण्याएवढं पुढे गेलो
तर समोर दुसरंच फूल.
एकदा सवयीनं मागे पांढरा रुमाल धरला,
तर बिचारं अर्ज भरायला आल्यासारखं दिसायला लागलं.
रुमाल खिशात.
मागे गंजका पाइप आहे, तोच बरा,
विरघळून तांबूस होतो.

पूर्वी वर्षाला आठदहा फोटो परत यायचे.
माणूस नाही, घरचे यायचे.
पाकिटातून तोच काढून म्हणायचे,
हाच मोठा करून द्या, दुसरा नाहीच.
मोठा करताना माणूस विरत जायचा.
आधी भुवया, मग ओठांची कड,
मग नुसते ठिपके आणि शर्टाची कॉलर.
गणवीर मावशींनी काचेवर बोट ठेवून विचारलं होतं,
इथे कानाला तीळ होता ना?
मी पेन्सिलनं तीळ काढून दिला.
कुठल्या कानाला,
ते विचारलंच नाही.

आज एक मुंगी दांडीवर चढली,
लवेत अडकली, उतरली.
तिच्या नादात बटण दाबायचं राहिलं.
दुसऱ्या वेळी दाबलं.

घरी पडद्यावर मोठं करत बसलो.
अजून. अजून जरा.
परागाचा एक कण आहे,
वरच्या पाकळीवर, डावीकडून दुसऱ्या दाताला चिकटलेला.
डावीकडून दुसऱ्या.
वहीत लिहून ठेवलंय.