डावीकडे ओढता

आरोसकरांनी जॉयस्टिक टॉवेलात गुंडाळून आणली,
आजारी कोंबडी आणावी तशी.
"डावीकडे ओढता गो," म्हणाले,
"हात सोडलो की डावीकडे. अलायमेंट गेली आसतली."

सावंतवाडी डेपोत बत्तीस वर्षं स्टिअरिंग.
आता रात्री पेज जेवून झाली की
नातवाने टाकून दिलेल्या कॉम्प्युटरवर
शिरोड्याहून विमान उडवतात.
शिरोड्याला धावपट्टी नाही.
त्यांनी मिठागराचा बांध धरलाय.

चार स्क्रू काढले. पाचवा
रबरी पायाखाली लपून होता, तो असतोच.
आत दोन पॉट. एक आडव्या हालचालीचा, एक उभ्या.
मामा यांना व्हॉल्यूम म्हणायचा.
त्याच्या काळी दुकानात फिरवून बघायची गोष्ट एकच,
आवाज.

आडव्याचं पत्र्याचं झाकण उचकटलं:
नालाच्या आकाराची काळी कार्बनची पट्टी,
दोन्ही टोकांना नव्या पाटीसारखी कोरी
आणि बरोब्बर मध्ये
खालची तपकिरी फळी दिसेपर्यंत घासलेली.

आरोसकर भिंग घेऊन वाकले.
"मी तर मधीच धरून आसतंय. सरळ जातंय.
वळतंय खंय मी?"

सरळ जाताना हात थांबतो का, काका?

गप्प झाले. मग काउंटरच्या काचेवर दोन मुठी ठेवल्या,
आंबोलीच्या घाटातल्या नव्हे,
आरोंद्याच्या सपाट रस्त्यावरच्या,
आणि बघत राहिले.
मुठी हलत होत्या.
नखभर इकडे. नखभर तिकडे.

मामाच्या बिस्किटांच्या डब्यात
मेलेल्या रेडिओंचे व्हॉल्यूम पडून आहेत,
काहींवर खाऱ्या हवेची हिरवी बुरशी.
त्यातला एक बरा पुसून घेतला, शंभर केचा.
लाल, पांढरी, काळी, तीन वायरी.
राळेचा धूर आरोसकरांच्या चष्म्यावर.
लावलं, आणि मूठ सरळ धरूनही
विमान कुशीवर पडलं. अख्खा समुद्र
खिडकीत उभा राहिला, भिंतीला टेकवलेल्या खाटेसारखा.

पाठीवर बारीक अक्षर होतं, ए.
माझीच चूक. हा कानासाठी बनवलेला.
अर्ध्यावर फिरवला की कानाला अर्धा वाटतो,
मीटरवर जेमतेम दहावा हिस्सा.
बोटं मध्यावर असतात तेव्हा याचा मध्य
अजून पुढे कुठेतरी असतो.
विमानाला बी लागतो. बी सरळ मोजतो.

"म्हंजे रेडिओ आमका फसवी होतो?"
फसवत नव्हता काका. कानाच्या कलाने घेत होता.
हे त्यांना पटलं नाही. मलाही
पूर्ण पटलेलं नाही, मामाने सांगितलेलं आहे.

बी शिरोड्यात नाही, वेंगुर्ल्यात नाही.
आठव्या दिवशी बेळगावहून दोन आले,
आगपेटीत घालून, कंडक्टरच्या खिशातून.
आरोसकरांची ओळख अजून चालते त्या रस्त्यावर.
दांडा बोटाच्या पेराएवढा लांब निघाला,
हॅकसॉने कापला, कानशीने एक बाजू चपटी केली,
दोनदा बसेना, तिसऱ्यांदा कट्ट करून बसला.

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. समोरची मच्छी संपलेली.
त्यांनी बांधावरून विमान उचललं,
खाली रेडीच्या खाणीचा लाल खड्डा, मग तेरेखोलची खाडी,
आणि मूठ सोडली.

सरळ.
क्षितिज पाण्याच्या पातळीसारखं.
बराच वेळ सरळ.
हात मांडीवर ठेवले, मग काउंटरवर, मग परत मांडीवर.
"मगे आता मी काय करू?"

जुना पॉट मागून घेतला, खिशात टाकला.
साठ सांगितले तर शंभराची नोट दिली आणि
सुट्टे घ्यायचे विसरून परत स्क्रीनकडे वळले,
कारण मूठ पुन्हा हातात होती
आणि गोवा जवळ येत होता.
नखभर इकडे.