माग बंद असतात तेव्हा

सहा दिवस ह्या घरात बोलणं म्हणजे ओरडणं.
भिंतीपलीकडे येमुलांचे आठ माग.
आज रविवार, बंद आहेत.
नळाची पाळीही उद्या,
म्हणजे उठून पळायला कारणच नाही.

पितळी फिल्टर, बुडाशी पोचा आलेला,
गुलबर्ग्याच्या मावशीनं दिलेला.
तीन चमचे पूड, चिकोरी जरा जास्तच,
सरोजाला तशीच लागते. मला नाही.
वरून उकळतं पाणी, झाकण,
आणि मग काही करायचं नाही.

टप्.

एवढासा आवाज इथं ऐकू येतो
हे लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर कळलं.

टप्.

सरोजा पायरीवर, केस मोकळे, तेलाची बाटली शेजारी.
नवाच्या आत ऊन चढेल तिथवर.
तोवर ती तिथं, मी इथं,
दूध उतू जाऊ नये एवढ्यापुरता शहाणा.

वाटीतून पेल्यात, पेल्यातून वाटीत,
फेस येतो. थोडी कॉफी मनगटावर.
"भाजलं का?" ती विचारते,
हळू.

मी मुद्दामच म्हणतो, काय?
म्हणजे ती पुन्हा विचारेल,
तेवढंच हळू.