उलटा पत्ता

जळगाव, एमआयडीसी, चटईचा कारखाना.
मे महिना. बाहेर पंचेचाळीस,
आत दाणा वितळतोय त्याची धग वेगळी.
सॅम्पलच्या खोलीत, गुंडाळलेल्या चटयांच्या आडोशाला
स्टुलावर ठेवला मी सर्व्हर:
नवीपेठेतून उचललेलं जुनं खोकं, डिस्क तेवढ्या नव्या,
समोर टेबलफॅन.
पंख्याचं तोंड यंत्राकडे. माणसांनी रुमाल वापरायचा.

चुडामण अत्तरदे दारातूनच म्हणाले,
"मले एकच सांग भो, चावी कोणाजवळ राहीन?"
तुमच्याजवळ, म्हटलं.
"लिहून दे."

पुतण्या गेला तेव्हा पासवर्ड घेऊन गेला होता.
भांडण कशावरून, ते मी विचारलं नाही.
अकरा वर्षांच्या ऑर्डरी, बुऱ्हाणपूर, खरगोन, सेंधव्याचे व्यापारी,
सगळं एका शब्दामागे बंद,
आणि तो शब्द गुणवंतच्या डोक्यात.
वाचलं ते वायकोळेबाईंमुळे.
त्या प्रत्येक मेल छापायच्या, भोकं पाडून फायलीला लावायच्या.
सगळे हसायचे त्यांना.

तर आता आपलं टपाल आपल्या घरात.
तीन दिवस आमचं पत्र कुणी घेईना.
गेलं तरी कचऱ्याच्या खात्यात.
मी अत्तरद्यांना समजावलं:
नाव सांगितलं की नंबर कळतो,
पण समोरचा नंबर धरून उलटं विचारतो, हा कुणाचा?
तेव्हा तेच नाव परत यावं लागतं.
आपलं येत नाही. लाइन देणाऱ्या कंपनीने
आपल्याला अजून आपलं म्हटलेलं नाही.
"म्हणजे सोयरीक," ते म्हणाले.
"पोरगं सांगते मी अमक्याचा.
गावात विचारा, गाव काय म्हणते."
मी मान हलवली. माझ्यापेक्षा बरं सांगितलं होतं.

कंपनीचा माणूस चौथ्या फोनला हो म्हणाला.
शुक्रवारी, लाइट जायच्या वीस मिनिटं आधी,
वायकोळेबाईंनी सेंधव्याला पहिलं पत्र धाडलं:
आठ बाय दहा, हिरवी, चारशे नग, दर जुनाच.
पोच आली. त्यांनी ती छापली.

रात्री मी लॉग वाचत बसलो.
यूपीएस दर मिनिटाला टिटवीसारखा ओरडत होता.
जगभरातून कोणकोण दार ढकलून जातं:
अॅडमिन, रूट, टेस्ट, सेल्स,
ज्यांना आपण कोण, चटई म्हणजे काय, ठाऊक नाही.
मधेच, पावणेतीनला, गुणवंत.
एकदाच. पासवर्ड चुकला. पुन्हा नाही.
त्या नंबराला उलटं विचारलं,
तर एका मोठ्या कंपनीचं नाव आणि पुणे.
पुण्यात लाखो नंबर.

सकाळी सांगू की नको करत सांगितलं.
आणि हेही, की जुने व्यापारी अजून त्याच्याच नावाने लिहितात,
ती पत्रं सर्व्हर परत पाठवतो.
"काय म्हणून पाठवते?"
इंग्रजीत म्हणतो, या नावाचं इथे कुणी नाही.

अत्तरदे पंख्याकडे पाहत राहिले.
पंखा मान वळवत नव्हता, मीच खिळा काढून ठेवला होता.
"आपल्या नावानं सांगते हे? साऱ्याईले?"
हो.
"असं नको म्हणू देऊ त्याले."

मग पेटी केली. गुणवंत, दोन जीबी.
पासवर्ड मी टाकला, कागदावर लिहिला, त्यांच्या हातात दिला.
त्यांनी न वाचता घडी घातली,
बंडीच्या आतल्या खिशात.
म्हणाले, "पेटी त्याची. चावी माझी."

बिलातले निम्मे पैसे आले, निम्म्याच्या दोन चटया.
एकीवर मी गच्चीत झोपतो, मेहरूणकडून वारा आला तर.
दर सोमवारी घरूनच सर्व्हर बघतो:
डिस्क ठीक, रांग रिकामी,
गुणवंतच्या पेटीत एकसष्ट पत्रं,
न वाचलेली.
परत मात्र एकही गेलेलं नाही.