तिसऱ्या गेटावरचा पेपर

गेट पडायचं सात बावन्नला.
गाडी यायची तिच्या मनाला येईल तेव्हा,
गेट मात्र वेळेवर.
अकरा मिनिटं. कधी चौदा.
अलीकडे उद्यमबागेच्या फौंड्रीवर निघालेले,
पलीकडे देसूर, मच्छे, पिरनवाडीहून शहरात येणारे,
आणि मधल्या रुळांवर एक कुत्रं, दोन्ही बाजूंचं.

हलगेकरांनी ती अकरा मिनिटं हेरली.
शहापुरात त्यांचा छापखाना, लग्नपत्रिकांचा;
आषाढात मशीन गप्प बसायचं, ते त्यांना बघवेना.
एक कागद, एक घडी, चार पानं, फुकट.
इकडून मराठी.
उलटा फिरवला की कन्नड.
मराठी मी लिहायचे, कन्नड तिगडी सर.
मधल्या पानांवर दोन्ही भाषा डोक्याला डोकं लावून:
लेथवर माणूस पाहिजे. कुंदा, शुद्ध तुपातला.
ट्यूशन, पाचवी ते दहावी.

समोरून बघितलं तर वाटायचं
अख्खं बेळगाव पेपर उलटा धरून वाचतंय.

भरमा वाटायचा. बसच्या खिडकीत हात घालून,
"घे की, फुकट हाय."
"फुकट कशाला बे? आत काय लपवलंय?"
माणसाचा चेहरा बघून तो ठरवायचा
कुठली बाजू वर ठेवायची.
चुकायचाही.
बंदच्या आदल्या दिवशी चुकला
तेव्हा एकानं गठ्ठाच रुळांवर फेकला.
भरमानं तो गोळा केला, झटकला,
आणि पुढच्या बसला मधली पानं वर करून दिली.
कुंद्यावर कुणाचा वाद नव्हता.

एकदा पाण्याचा वार चुकला.
माझ्या पानावर मंगळवार, सरांच्या पानावर बुधवार.
पाणी बुधवारी आलं.
आठवडाभर लोक मला म्हणत होते,
मराठी नळ लवकर सुटतो वाटतं तुमचा.
सर हसले नाहीत. पुढच्या अंकापासून
आम्ही एकमेकांची पानं मोठ्यानं वाचायला लागलो,
मी कन्नड अडखळत, ते मराठी फार शुद्ध.

राशिभविष्य माझंच. ज्योतिष येत नव्हतं.
जी रास त्या दिवशी गरीब दिसेल तिला लाभ द्यायचे.

नऊ हजार प्रती निघायच्या, चांगल्या दिवसांत.
मग पाच.
मग ट्यूशनवाल्यानं जाहिरात फोनवर टाकली,
लेथवर माणूस फोनवरच मिळाला,
आणि बसमध्ये माना तेवढ्याच खाली,
फक्त घडी घालायचा आवाज गेला.
तरी गेट होतं. गेट पडत होतं.
हलगेकर म्हणायचे, लोक अडकतात तोवर आपण आहोत.

मग पूल झाला.

किती वर्षं मागत होतो आम्ही तो पूल!
अग्रलेख मीच लिहिले होते, तीन,
सरांनी चार.
उद्घाटनाचा अंक आम्ही रंगीत काढला.
भरमा सातला जाऊन उभा राहिला जुन्या जागी.
बसा त्याच्या डोक्यावरून गेल्या.

विकला गेला नाही असं म्हणता येत नाही फुकट पेपरला.
उरलेल्याला काय म्हणावं, शब्द शोधत होते मी,
तोवर रद्दीवाला टेम्पो घेऊन आला.
किलोला बारा रुपये.
ती त्या पेपराला मिळालेली पहिली किंमत.
हलगेकरांनी नोटा दोनदा मोजल्या,
सरांना निम्म्या दिल्या, मला निम्म्या,
आणि पत्रिकांचा टाइप लावायला बसले.

भरमा आता पुलाखाली सावलीत
मोबाइलला काच लावून देतो.
गेल्या महिन्यात माझी फुटली, गेले.
खोक्यातून त्यानं जुनी घडी काढली, थोडं पाणी शिंपडलं,
"काच पुसायला ह्याच्यासारखं कायच नाही, ताई."
मी त्याच्या हातातलं पान वाकून वाचलं, उलटं:
वृश्चिक. प्रवासात खोळंबा. लाभ.
शंभर म्हणाला.
घासाघीस केली नाही मी. त्यानंच वीस परत दिले.