एक घंटी

गंगाखेड डेपो, पहाटे पाच चाळीसची नांदेड.
पालमला कळ येते तेव्हा
सत्तेचाळीस जण एकदम सुट्टे मागायलेत.
लोह्याला स्टँडच्या संडासाला आतून कडी नाही.
गुत्ते ड्रायव्हर हॉर्न देतात.
मी आतल्या आत दोरी ओढते,
टण्.
थांब.

सोळा वर्षं पोटानं ऐकलं.
इतकं ऐकलं की पुढं
दोन घंट्या दिल्या तरी गाडी हलंना.

एरंडेल झालं, सोनामुखी झाली,
स्टँडवर पुड्या विकणाऱ्या बुवाच्या तीन डब्या झाल्या.
सासूबाई म्हणाल्या, आमच्या टायमाला नव्हतं बाई असलं,
ज्वारीची भाकर खायची अन् रानात जायचं.
रान होतं, खरं.
आता तिथं प्लॉट पडलेत.

चौथ्या दिवशी अर्धा तास बसायचं.
बादली भरून वाहायली,
कपाळाची शीर तटतटलेली,
अन् दाराबाहेर पोरगी: आई, झालं का?

डॉक्टर तहसीन मॅडमनी
आजवर कुणी विचारलं नव्हतं ते विचारलं:
बोटानं काढावं लागतं का?
मी हाताकडं बघितलं,
तिकिटाची शाई लागलेल्या.
हो म्हणाले.
त्या काही बोलल्या नाहीत. लिहून घेतलं.

मग कुशीवर निजवून नळी,
नळीच्या टोकाला पाण्याचा फुगा.
ढकला, म्हणाल्या.
पडद्यावरची रेघ खाली उतरायची, ती वर चढली.
बघा, आतडं आळशी नाही तुमचं,
ते बिचारं दाराशी येऊन उभं राहतं.
जोर लावता तेव्हाच तुम्ही दार आवळता.

पायाखाली पाट. चहानंतर दहा मिनिटं, रोज.
रात्री इसबगोल, वर तांब्याभर पाणी.
दात आवळू नका, तोंड उघडं ठेवा, पोट फुगू द्या.
सैल सोडायचं पण शिकावं लागतं,
तेही बेचाळिसाव्या वर्षी, पडद्यासमोर,
एका रेघेकडं बघत!

पाचव्या खेपेला रेघ उतरली
अन् फुगा बदकन बाहेर.
सिस्टर पद्मिनीनं टाळी वाजवली.
मी लाजले, मग हसू आवरंना.

रोजच जमतं असं नाही.
कडीसाठी तिसरा अर्ज दिलाय.
तोवर पिशवीत सुतळी असते, दार बांधायला.
आज लोह्याला कळ आली,
मी ट्रे सीटवर ठेवला, उतरले.
गुत्ते हॉर्न देतात.
देऊ द्या.